नॉन-कॉम्पीटवर सही झाली आहे, आता प्रतिस्पर्धी कंपनीत जाता येईल का?

प्रश्न: मी मूळची नाशिकची. मॅसॅच्युसेट्समध्ये, फ्रेमिंगहॅमजवळ, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. एच-१बी व्हिसावर आहे. ८ मे २०२३ ला ऑफर लेटर आलं आणि ५ जूनला मी रुजू झाले. मध्येच ३० मे रोजी ई-सहीसाठी नॉन-कॉम्पीट आला: नोकरी सोडल्यावर १२ महिने संपूर्ण अमेरिकेत कुठल्याही प्रतिस्पर्धी कंपनीत काम करायचं नाही, आणि कायदा डेलावेअरचा. घाईत सही केली. मार्च २०२५ मध्ये प्रमोशन झालं, पगार १,१८,००० वरून १,२८,००० डॉलर झाला. तेव्हा एक ‘अपडेटेड करार’ बुधवारी आला, शुक्रवारपर्यंत क्लिक करायला सांगितलं, तेही केलं. आता दुसरीकडून चांगली ऑफर आहे. एचआरकडे सहज विषय काढला तर उत्तर आलं की कोर्टात जाऊ आणि व्हिसाचा खर्चही वसूल करू. कॅलिफोर्नियातली मैत्रीण म्हणते, नॉन-कॉम्पीट अमेरिकेत बंद झालेत, बिनधास्त जा. मिस्टर म्हणतात, वर्षभर कळ काढ. मी काय करू? आणि मी लिहिलेल्या टेस्ट स्क्रिप्ट तरी कॉपी करून ठेवू का?

उत्तर:

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आज रात्रीच उपयोगी पडू शकतं. टेस्ट स्क्रिप्ट कॉपी करू नका. एकही नाही. तुम्ही लिहिल्या असल्या तरी त्या कंपनीच्या मालकीच्या आहेत. शिवाय मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात नॉन-कॉम्पीटची कमाल मुदत १२ महिने आहे, पण कर्मचाऱ्याने कंपनीची मालमत्ता बेकायदा नेली तर ती २ वर्षांपर्यंत जाऊ शकते. तुमच्याकडचा करार, पुढे सांगते तसा, बराच लंगडा आहे. त्याला भक्कम करणारी एकच गोष्ट तुमच्या हातून होऊ शकते, ती म्हणजे राजीनाम्याच्या आधीच्या आठवड्यात पेनड्राइव्हवर किंवा खासगी गुगल ड्राइव्हवर गेलेल्या फायली. अशा खटल्यांत कंपनीचे वकील पहिल्यांदा तुमच्या लॅपटॉपचा लॉग काढतात, करार नंतर उघडतात. आणि काही कॉपी आधीच झाली असेल, तर घाबरून ती डिलीट करू नका. डिलीट केल्याचीही नोंद राहते आणि ते पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं. जे आहे ते तसंच ठेवा आणि वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

आता मैत्रीण आणि मिस्टर. दोघांचंही बरोबर नाही.

मैत्रिणीने जे ऐकलं ते हवेतलं नव्हतं. फेडरल ट्रेड कमिशनने (स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने) एप्रिल २०२४ मध्ये देशभर नॉन-कॉम्पीटवर बंदी घालणारा नियम जाहीर केला होता. तो ४ सप्टेंबर २०२४ पासून लागू व्हायचा होता, पण त्याच्या दोनच आठवडे आधी, २० ऑगस्टला, टेक्ससमधल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. सप्टेंबर २०२५ मध्ये कमिशनने आपलं अपीलही मागे घेतलं. त्यामुळे हा विषय पुन्हा ज्या त्या राज्याच्या कायद्यावर आला आहे. कॅलिफोर्नियात नोकरीतला नॉन-कॉम्पीट जवळजवळ पूर्णपणे बाद ठरतो, तेही १८७२ पासून. (आपल्याकडच्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ सुद्धा १८७२ चंच, आणि दोन्हींचं मूळ एकच: न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड या वकिलांनी केलेला दिवाणी कायद्याचा मसुदा. पुण्यात नोकरी केलेल्या अनेकांना ‘असले करार टिकत नाहीत’ असं वाटतं, ते या कलमामुळे. मॅसॅच्युसेट्समध्ये ती सवय बाजूला ठेवावी लागते.) मिनेसोटात १ जुलै २०२३ पासूनचे नवे नॉन-कॉम्पीट बाद आहेत. मॅसॅच्युसेट्सने मात्र बंदी न घालता अटी घातल्या.

‘मग कॅलिफोर्नियालाच जाते’ हा विचार मनात आला असेल तर तोही थांबवा. बॉस्टनच्या ड्राफ्टकिंग्ज कंपनीतला एक वरिष्ठ अधिकारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाला जाऊन प्रतिस्पर्ध्याकडे रुजू झाला. त्याच्या करारात मॅसॅच्युसेट्सचा कायदा लिहिलेला होता. फेडरल कोर्टाने त्याला एक वर्षासाठी रोखलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बॉस्टनच्या फेडरल अपील कोर्टानेही तेच कायम केलं. घर बदललं म्हणून करार मागे सुटत नाही.

तुम्हाला लागू होणारा कायदा म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या सर्वसाधारण कायद्यांतल्या प्रकरण १४९ चं कलम २४एल. १ ऑक्टोबर २०१८ पासून झालेल्या करारांना तो लागतो. कॅलेंडर पुढ्यात घ्या. कायदा म्हणतो की नोकरीच्या सुरुवातीचा नॉन-कॉम्पीट कर्मचाऱ्याच्या हातात औपचारिक ऑफरबरोबर किंवा रुजू होण्याच्या १० कामकाजाच्या दिवसांआधी पडला पाहिजे, आणि या दोनांतलं जे आधी येईल ती मुदत. तुम्ही सोमवारी, ५ जूनला रुजू झालात. मागे मोजत जा: शुक्रवार २ जून हा पहिला दिवस, १ जून दुसरा, ३१ मे तिसरा, ३० मे चौथा. सोमवार २९ मे म्हणजे मेमोरियल डे, तो सुटीचा, सोडून द्या. शुक्रवार २६ मे पाचवा, आणि तसंच मागे गेलं की दहावा दिवस येतो शुक्रवार १९ मे. पण ऑफर त्याच्याही आधी आली होती, ८ मे रोजी. म्हणजे खरी मुदत ८ मे. तुमचा करार आला ३० मे ला. दोन्ही बाजूंनी उशीर.

आता त्याच कराराचं शेवटचं पान उघडा. कायद्याला दोघांच्या सह्या लागतात, तुमची आणि कंपनीची. ई-सहीच्या पद्धतीत कर्मचाऱ्याची सही झाली की फाइल बंद होते आणि कंपनीच्या नावापुढची रेघ कित्येकदा रिकामीच राहते. शिवाय ‘सही करण्याआधी वकिलाचा सल्ला घेण्याचा तुम्हाला हक्क आहे’ हे वाक्य करारात स्पष्ट शब्दांत असलं पाहिजे. ‘मी हा करार वाचून समजून घेतला’ हे वाक्य त्याच्या जागी चालत नाही. ‘काउन्सेल’ किंवा ‘अटर्नी’ हा शब्द शोधा. नाही सापडला तर ती मोठी उणीव आहे.

यानंतर पैशाचं कलम. नॉन-कॉम्पीटच्या बदल्यात एकतर गार्डन लीव्ह, म्हणजे थांबण्याच्या काळात पगार, किंवा दोघांनी मान्य केलेला दुसरा मोबदला करारात लिहिलेला असावा लागतो. गार्डन लीव्ह असेल तर शेवटच्या २ वर्षांतल्या तुमच्या सर्वाधिक मूळ वार्षिक पगाराच्या किमान निम्मे. तुमच्या बाबतीत १,२८,००० चे निम्मे ६४,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ५,३३३ डॉलर. पण बहुतेक कंपन्या ही वाट टाळतात आणि ‘साइनिंग बोनस हाच मोबदला’ अशी ओळ घालतात. असा ‘दुसरा मोबदला’ किती असावा हे कायद्याने सांगितलेलं नाही, त्यामुळे इथे वाद चालतो. तुमच्या करारात दोन्हींपैकी काही आहे का, एवढं आधी पाहा.

खरी गुंतागुंत प्रमोशनच्या वेळच्या कागदात आहे आणि वकिलाचा बहुतेक वेळ तिथेच जाईल. नोकरी सुरू झाल्यावर केलेल्या नॉन-कॉम्पीटला वेगळे नियम आहेत. तो लागू होण्याच्या किमान १० कामकाजाचे दिवस आधी तुम्हाला त्याची सूचना मिळायला हवी, आणि ‘नोकरी चालू ठेवतो’ एवढाच मोबदला पुरत नाही, त्याहून वेगळा, वाजवी मोबदला लागतो. बुधवारी पाठवून शुक्रवारी क्लिक करायला लावलं हे तुमच्या बाजूचं आहे. तरी करारावरची ‘लागू होण्याची तारीख’ बघा. कागद पंधरा-वीस दिवसांनंतरची तारीख घालून पाठवला असेल, तर १० दिवसांची अट त्यांनी पाळलेली असू शकते. आणि प्रमोशनचं पत्र शोधा. त्यात ‘हा करार मान्य केल्यास पगारवाढ’ असं लिहिलं असेल तर १०,००० डॉलरची वाढ हाच मोबदला, असं कंपनी म्हणेल. वाढ आधीच ठरली होती आणि करार मागाहून आला, असं ईमेलच्या तारखांवरून दिसत असेल तर ते म्हणणं कच्चं पडतं.

याच कागदात आणखी एक ओळ शोधा: ‘हा करार आधीच्या सर्व करारांची जागा घेतो’. ती असेल तर कंपनी आता २०२३ च्या कराराकडे सहज परत जाऊ शकत नाही. नसेल, तरी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाचं १९६८ पासूनचं एक तत्त्व आहे. कामाचं स्वरूप, पद आणि पगार यांत मोठा बदल झाला, तर जुना नॉन-कॉम्पीट नव्या नोकरीला चिकटून राहीलच असं नाही. तुमची नवी जबाबदारी किती वेगळी होती, तुम्ही माणसं सांभाळायला लागलात का, हे वकिलाला तपशिलात सांगा.

डेलावेअरच्या कलमाने घाबरू नका. नोकरी सुटण्याआधीचे किमान ३० दिवस तुम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहत किंवा काम करत असाल, तर या कायद्यातून पळ काढण्यासाठी घातलेलं दुसऱ्या राज्याच्या कायद्याचं कलम चालत नाही. दावाही तुम्ही राहता त्या काउंटीत किंवा, दोघांनी तसं ठरवलं असेल तर, सफोक काउंटीत म्हणजे बॉस्टनमध्ये चालवावा लागतो.

‘संपूर्ण अमेरिका’ ही व्याप्ती जास्त वाटते, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. शेवटच्या २ वर्षांत तुम्ही ज्या भागात आणि ज्या प्रकारचं काम केलं, तेवढ्यापुरतं बंधन वाजवी धरलं जातं. व्याप्ती जास्त असेल तर न्यायाधीश ती कापून-छाटून करार टिकवू शकतात, तशी मुभा कायद्याने त्यांना दिली आहे. म्हणून तारीख, सही आणि वकिलाबद्दलचं वाक्य या तीन गोष्टी आधी तपासायला सांगितल्या. त्या कराराच्या पायाच्या आहेत.

हे सगळं पाहता तुमचे दोन्ही करार कमजोर वाटतात आणि वर्षभर घरी बसायचं काही कारण दिसत नाही. पण कमजोर म्हणजे दावा होणारच नाही, असं नव्हे. या कायद्यात जिंकलेल्या कर्मचाऱ्याला वकिलाची फी भरून मिळण्याची तरतूद नाही. त्यामुळे दावा होऊच नये अशी पावलं टाकणं जास्त शहाणपणाचं.

नॉन-कॉम्पीट गेला तरी गोपनीयतेचा करार आणि नॉन-सॉलिसिट, म्हणजे जुने ग्राहक आणि सहकारी ओढून न नेण्याचं बंधन, ही दोन्ही उरतात. कलम २४एल त्यांना लागू होत नाही. लिंक्डइनवर नवी नोकरी टाकायला सहसा हरकत नसते. पण जुन्या टीममधल्या कुणाला ‘इकडे जागा आहे, ये’ असा निरोप पाठवला तर अडचण येते, मग तो व्हॉट्सअ‍ॅपच्या मराठी ग्रुपवर का असेना. कंपनीचे शेअर मिळाले असतील तर तो कागदही वाचा. ‘प्रतिस्पर्ध्याकडे गेलात तर शेअर जप्त’ हे कलम या कायद्यात नॉन-कॉम्पीटच मानलं जातं आणि त्याला हेच सगळे नियम लागतात. पण ‘नॉन-सॉलिसिट मोडला तर पैसे बंद’ हे कलम यात येत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिला आहे. दोन वाक्यं दिसायला सारखी असतात, परिणाम पूर्ण वेगळा.

व्हिसाबद्दल. तुमचा नॉन-कॉम्पीट इमिग्रेशन खातं तपासत नाही. नव्या कंपनीने तुमच्यासाठी एच-१बीचा अर्ज दाखल केला की तुम्ही तिथे काम सुरू करू शकता. तरी तुमच्या जागी कुणी असेल तर शक्यतो मंजुरी हातात आल्यावरच राजीनामा द्यावा. प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे जादा फी भरून, १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय किंवा पुढची विचारणा येते. कारण हे: जुनी नोकरी सुटली आणि कोर्टाने नव्या नोकरीवर तात्पुरती स्थगिती आणली, तर तुमच्यापुढे फक्त ६० दिवसांची सवलत असते, आणि आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तीही कमी. नागरिक असलेला सहकारी दोन-तीन महिने खटला लढत घरी बसू शकतो, तुम्हाला ते परवडणार नाही. एचआरलाही हे ठाऊक असतं.

‘व्हिसाचा खर्च वसूल करू’ ही धमकी मात्र पोकळ आहे. एच-१बी अर्जाची फी, त्यासाठीच्या वकिलाची फी आणि अर्जाबरोबर भरायचं ‘प्रशिक्षण शुल्क’ हा फेडरल नियमांनुसार मालकाचा खर्च, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. मुदतीआधी सोडल्याबद्दल दंडही लावता येत नाही. ग्रीन कार्डसाठी पर्मची (कामगार खात्याच्या मंजुरीची) प्रक्रिया सुरू केली असेल, तर तिच्या वकिलाचा आणि जाहिरातींचा खर्चही मालकाचाच. वसुली झालीच तर कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ फॉर्मवर १२ महिन्यांत तक्रार करता येते. शेवटचा पगार अडवणंही बेकायदा आहे. राजीनामा दिला असेल तर पुढच्या नेहमीच्या पगाराच्या दिवशी, आणि काढून टाकलं असेल तर त्याच दिवशी, शिल्लक सुट्यांच्या पैशांसह पगार मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर राज्याच्या अटर्नी जनरलच्या फेअर लेबर डिव्हिजनकडे तक्रार करा. मॅसॅच्युसेट्समध्ये उशिरा दिलेल्या पगारावर तिप्पट भरपाई मिळते.

आता क्रम. नव्या कंपनीच्या फॉर्मवर ‘तुमच्यावर कुठल्या कराराचं बंधन आहे का?’ असा प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ वर खूण करून मोकळं व्हायचा मोह होतो, तो टाळा. दोन्ही करार त्यांना द्या. चांगल्या कंपनीचं कायदा खातं ते वाचतं, आणि दोन गोष्टी तुम्ही मागू शकता: दावा झाल्यास वकिलाचा खर्च कंपनी उचलेल असं लेखी, आणि पहिलं वर्ष जुन्या कंपनीच्या उत्पादनाशी थेट भिडणार नाही अशा कामावर नेमणूक. दुसरी मागणी फार उपयोगी पडते. तुम्ही आज इन्सुलिन पंपाचं सॉफ्टवेअर तपासत असाल आणि तिकडे वर्षभर इमेजिंगच्या यंत्रांवर काम करणार असाल, तर कोर्टात ‘आमचं नुकसान होतंय’ म्हणायला जुन्या कंपनीकडे फारसं काही राहत नाही.

मग तुमचा स्वतःचा वकील, जो कर्मचाऱ्यांची बाजू घेतो असा. नव्या कंपनीचा वकील नव्या कंपनीचा असतो. ओळखीचं कुणी नसेल तर मॅसॅच्युसेट्स बार असोसिएशन किंवा बॉस्टन बार असोसिएशनच्या रेफरल सेवेतून नाव मिळतं. ही भेट राजीनाम्याच्या आधी व्हायला हवी. राजीनाम्याचं पत्र दोन ओळींचं ठेवा. कुठे चाललात हे एचआरने विचारलं तर खोटं सांगू नका, पण करारात नव्या नोकरीची माहिती देण्याचं कलम नसेल तर सांगण्याचं बंधनही नाही. लॅपटॉप, बॅज, घरी आणलेली वही, सगळं परत करा आणि पोच घ्या. फोनमध्ये व्हाइटबोर्डचे फोटो असतील, तर त्यांचं काय करायचं हे वकिलाला विचारूनच ठरवा. नंतर कंपनीच्या वकिलाची नोटीस आली तर स्वतः उत्तर देऊ नका, त्याच दिवशी ती पुढे पाठवा. त्यात दिलेली ५ किंवा ७ दिवसांची मुदत कोर्टाची नसते, पण ती गेली की दावा दाखल होऊ शकतो.

या घालमेलीत कंपनीनेच तुम्हाला ले-ऑफ दिला किंवा गैरवर्तनाचं कारण नसताना काढलं, तर नॉन-कॉम्पीट तुमच्यावर लागूच करता येत नाही. तेव्हा सेव्हरन्सच्या, म्हणजे निरोपाच्या पैशांच्या, कागदात नवा नॉन-कॉम्पीट घालून पाठवण्याची शक्यता असते. तो वेगळा धरला जातो, मात्र सही केल्यावर ती मागे घ्यायला ७ कामकाजाचे दिवस दिलेले असले पाहिजेत. इतर वाचकांसाठी एवढंच: ओव्हरटाइमला पात्र असलेले, इंटर्नशिप करणारे विद्यार्थी आणि १८ किंवा त्याहून कमी वयाचे कर्मचारी यांच्यावर इथे नॉन-कॉम्पीट चालत नाही. डॉक्टर आणि नर्सना तर वेगळ्या कायद्याने संरक्षण आहे. कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांनाही कलम २४एल लागू आहे.

राहता राहिला २०२५ चा कागद, जो कंपनीच्या पोर्टलवर असेल आणि तुमच्याकडे नसेल. स्वतःची पर्सोनेल फाइल लेखी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि कंपनीला ती ५ कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. आत्ता मागितली तर एचआर सावध होईल, म्हणून कधी मागायची ते वकिलाला विचारून ठरवा. नोकरी सोडल्यावरही मागता येते. ८ मे आणि ३० मे २०२३ चे ईमेल मात्र रुजू होण्याआधीचे, म्हणजे तुमच्या खासगी खात्यावर असणार. ते आजच शोधून पीडीएफ करा, आणि वरची तारीख-वेळेची ओळ कापली जाणार नाही एवढं बघा.